धुरा आणि पऱ्हाटी

आमच्या वऱ्हाडात टापटिपीची कल्पना मोठी सोपी आहे. पीक निघाले, धुरा पेटवून काळा केला, की शेत झाले स्वच्छ! पण त्या वाळक्या गवतात हिवाळ्यात काय नांदत असते, हे आपण कधी वाकून पाहिले आहे काय? तितर तिथेच दाणे टिपतो, धामण तिथूनच उंदरांचा माग काढते, आणि माव्यावर जगणारे ढालकिडे तिथे आसरा घेतात. उत्तरेकडून येणारा भोवत्या दिवसभर नाकतोडे वेचतो आणि रात्री गवतातच उतरतो. तणमोराच्या तर नावातच तण आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात वीण करणारा हा पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे.

धुऱ्यावरचा कुंदा शेतात शिरतो, ही तक्रार खोटी नाही. त्यासाठी पिकालगतची हातभर पट्टी खुरपावी. सगळा धुरा कशाला जाळायचा?

मात्र कपाशीला ही सवलत नाही. शेंदरी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. २०१७ साली विदर्भात तिने केलेला कहर आपण पाहिलाच. चार बोंडांच्या लोभाने फरदड ठेवली, किंवा चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंजी घरामागे रचली, की तिला पुढल्या हंगामापर्यंत बिऱ्हाड मिळाले. म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, किडकी बोंडे वेचून नष्ट करावी आणि उरल्याचा भुगा खतात घालावा. काडेपेटी घेऊन धुऱ्याकडे मात्र वळू नये.