दरडीत घर गेलं तर निवारा कुठं? डोंगरावरची खासगी जमीन राखायची तर कशी?

पावसाळा आला की डोंगराखालच्या गावांची झोप उडते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २०२१ ला महाडचं तळीये, २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. माळीणकरांना नवी घरं मिळाली ती एप्रिल २०१७ मध्ये. इर्शाळवाडीच्या लोकांना आधी कंटेनरमध्ये राहावं लागलं.

तात्पुरता निवारा : आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला तात्पुरती बांधकामं उभारायचा आणि धोकादायक बांधकाम पाडायचा अधिकार देतं. मदत छावणीच्या जागा आधीच हेरून तिथं पाण्याची सोय लावणं, हेही त्यांचंच काम. आपल्या गावासाठी कुठली जागा ठरली आहे, हे ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांना विचारा.

कायमचं घर : खरी अडचण इथं. गायरान द्यायचं तर सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालाचं बंधन आहे. खासगी जमीन घ्यायची तर मोजणी, किंमत, अकृषिक वापर असे टप्पे. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल संहितेच्या कलम ४२-ड नं रूपांतर कर भरून घरासाठी एनए सोपं केलं होतं. पण बांधकाम परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

डोंगरावरची मालकीची जमीन : उतारावरची झाडी टिकली तर माती धरून राहते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-क नुसार एखादा शेतकरी किंवा गाव स्वखुशीनं पुढं आलं तर त्या जमिनीला 'समुदाय राखीव क्षेत्र' जाहीर करता येतं. मालकी जात नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं खासगी जमीन असेल तर व्यवस्थापन समितीत मालकालाही जागा दिली. मात्र एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. सही करण्याआधी घरातल्या सगळ्या हिस्सेदारांशी बोला.

त्या कलमात मालकाला मोबदला मात्र नाही. झाडी राखायची शेतकऱ्यानं, फायदा खालच्या अख्ख्या गावाला, आणि हाती काही नाही, हे फार दिवस चालणार नाही. कायदा सुधारायचा तर दोन गोष्टी हव्यात : धोक्याच्या गावाची पुनर्वसनाची जागा दरड पडायच्या आधीच आराखड्यात ठरलेली, आणि डोंगर राखणाऱ्याला दरवर्षी काहीतरी मोबदला. दरड काही परवानगीची वाट बघत थांबत नाही.