कारखाना निरीक्षकाची नजर आणि कायद्याचा उंबरठा

कापसाचा हंगाम सुरू झाला की अमरावती, अकोला, खामगाव येथील जीन गजबजून जात. कापसातून सरकी वेगळी होई, रुईच्या गाठी बांधल्या जात आणि हवेत उडणारे तंतू मजुरांच्या छातीत उतरत. या मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांच्या आरोग्याची काळजी शासनाने केव्हा घेतली?

१८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. १८९१ मध्ये ही संख्या पन्नासवर आली. मात्र वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने कक्षेत आले. हवा, उजेड, स्वच्छता आणि यंत्राभोवतीचे कठडे निरीक्षक तपाशी. बालकामगाराचे वय डॉक्टर प्रमाणित करी. १९२२ मध्ये कामगारांची मर्यादा वीसवर आली आणि बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव झाला.

तरीही बिडी वळण्याच्या, लाखेच्या व कातडी कमावण्याच्या जागा बाहेरच राहिल्या. तेथे यंत्र नव्हते, म्हणून कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हता! कोंदट खोलीत, तंबाखूच्या धुळीत लहान मुलेही बसत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या अनेक कुटुंबांची चूल अशाच कामावर पेटे. १९२९ ते १९३१ या काळातील व्हिटले आयोगाने या उपेक्षेकडे लक्ष वेधले. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३७ साली अशा अनियंत्रित कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

१९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ४८ झाले. १९४८ च्या कायद्याने यंत्र असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांच्या जागेलाही कारखाना मानले व चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. कायदा ज्याला मोजत नाही, त्याच्या श्वासाची दखल कोणी घेत नाही. तथागतांनी सम्यक आजीविकेचा उपदेश केला. इतरांच्या देहाची झीज करून मिळविलेली कमाई त्यात कशी बसेल? आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी छोटे उद्योग उभारले आहेत, त्यांनी निरीक्षकाची वाट न पाहता खिडकी, पाणी, शौचालय आणि विश्रांतीची व्यवस्था करावी. तसेच आपल्या गावातील एखादे मूल शाळेऐवजी कामावर जात असेल, तर त्याला वसतिगृहाचा रस्ता दाखवावा.