कॅमेऱ्याचे दोष आणि संगणकाचीं चित्रें

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक दृढ समजूत आहे. मुंजीच्या समारंभांत काढलेल्या समूहचित्रांत पुढच्या रांगेंतील एखाद्या चिमुरड्याचा चेहरा पुसट आला, तर ‘तो हलला’ एवढ्या दोन शब्दांत आपण त्याचा निकाल लावतों. त्यावरून चित्राविषयीं शंका कोणासहि येत नाहीं. उलट, मूल खरोखरीच चुळबुळत होतें याची ती साक्षच ठरते. हा पुसटपणा कॅमेऱ्याचा दोष खरा. परंतु ज्या चित्रांना कॅमेरा कधीं लागलाच नाहीं, त्यांत हाच दोष मुद्दाम आणि गणिताच्या बळावर उत्पन्न करण्याची एक विद्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत उदयास आली आहे. तिची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण आपल्या वरील समजुतीशींहि तिचा निकटचा संबंध आहे.

संगणकानें चित्र काढावें तें कसें, याची कल्पना संगणकाच्या फार आधींची आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या १५२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या भूमितीवरील ग्रंथांत लांकडी ठशाचें एक चित्र आहे. मेजावर एक तंतुवाद्य ठेविलें आहे. भिंतींतल्या खिळ्यापासून निघालेला दोरा मध्यें उभ्या केलेल्या चौकटींतून त्या वाद्यापर्यंत ताणलेला आहे. दोऱ्याचें टोंक एक माणूस वाद्यावर ठिकठिकाणीं टेंकवितो, आणि चौकटींत दोरा जेथून जातो ती जागा दुसरा टिपून घेतो. खिळा हा डोळा, चौकट हा कागद आणि दोरा हा किरण. संगणक नेमकें हेंच करतो. फक्त त्याचा दोरा गणिताचा असतो. चौकटींतल्या प्रत्येक बिंदूंतून तो एक किरण दृश्यांत सोडतो, तो कोणत्या वस्तूवर आदळला हें समीकरणें सोडवून ठरवितो, आणि तेथें दिव्याचा प्रकाश किती पडतो त्यावरून बिंदूचा रंग भरतो. (सृष्टींत किरण दिव्याकडून डोळ्याकडे येतात, येथें मात्र उलटे जातात. दिव्याचे बहुतेक किरण डोळ्यापर्यंत पोंचतच नाहींत, तेव्हां त्यांचा हिशेब कोण ठेवणार?) आर्थर ॲपेल यांनीं १९६८ सालीं ही रीत छायाप्रकाश दाखविण्यासाठीं वापरली, १९८० सालीं टर्नर व्हिटेड यांनीं आरशावरून परतणारे आणि कांचेंतून वांकणारे किरणहि तिच्यांत आणले.

अशीं चित्रें पाहणारास थक्क करीत, पण खरीं वाटत नसत. जवळचें भांडें आणि दूरची टेकडी दोन्ही सारखींच रेखीव. धांवणारा चेंडू आणि स्थिर मेज दोन्ही सारखींच स्पष्ट! मेणाच्या फळांना जशी चव नसते, तशी या चित्रांची अवस्था होती. याचें कारण तो खिळा. त्याच्या टोंकाला रुंदी नाहीं, आणि त्याचें पाहणें क्षणाचाहि वेळ घेत नाहीं. खऱ्या कॅमेऱ्याला मात्र दोन्ही गोष्टी चुकत नाहींत.

त्यांतली पहिली म्हणजे रुंदी. सुईच्या छिद्रांतून येणारा प्रकाश फार थोडा, म्हणून कॅमेऱ्याला रुंद भिंग लागतें. असें भिंग एका ठराविक अंतरावरच्या बिंदूचे किरण फिल्मवर पुन्हां एका बिंदूंत आणतें. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या बिंदूंचे किरण मात्र फिल्मच्या पुढें किंवा मागें एकत्र होतात, आणि फिल्मवर त्यांची वाटोळी चकती उमटते. ५० मिलिमीटरचें भिंग दोनच्या आंकड्यावर उघडलें, तर त्याचें छिद्र २५ मिलिमीटर रुंद असतें. सोळाच्या आंकड्यावर तें जेमतेम ३ मिलिमीटर उरतें, आणि चकत्याहि त्याच प्रमाणांत लहान होतात. १९८१ सालीं मायकेल पॉटमेसिल व इंद्रनील चक्रवर्ती यांनीं हा हिशेब संगणकाला शिकविला. आधीं सर्व चित्र रेखीव काढावयाचें, आणि मग प्रत्येक बिंदु त्याच्या अंतराप्रमाणें चकतीएवढा पसरावयाचा, अशी त्यांची योजना होती. युक्ति चांगली, पण तिच्यांत एक उणीव होती. रुंद भिंगाची डावी कड जवळच्या खांबाच्या डावीकडून थोडें मागचें पाहते आणि उजवी कड उजवीकडून. खिळ्याच्या डोळ्यानें काढलेल्या चित्रांत तो झांकलेला भाग मुळीं आलेलाच नसतो. मग तो पसरणार कोठून?

दुसरी गोष्ट वेळेची. सिनेमाचा कॅमेरा सेकंदास २४ चित्रें घेतो, आणि प्रत्येक चित्रासाठीं त्याची झडप साधारणतः एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडी राहते. तेवढ्यांत ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारें ३५ सेंटिमीटर पुढें सरकते, आणि तिची कड तेवढी फरांटते. ही फरांट नसेल तर काय होतें, हें ‘किंग काँग’ या १९३३ सालच्या बोलपटांत दिसतें. त्यांतला बाहुला दोन चित्रांच्या मध्यें हातानें हलविलेला, पण प्रत्येक चित्राच्या वेळीं अगदीं निश्चल. म्हणून त्याच्या चालण्यांत एक प्रकारचा झटका आहे. (एकेक चित्र घेऊन चलच्चित्र जुळविण्याची रीत आपल्याकडेहि जुनीच. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशाच रीतीनें टिपली होती. अंकुराला घाई नसल्यामुळें त्यांचें कांहीं अडलें नाहीं!) १९८१ सालच्या ‘ड्रॅगनस्लेयर’ या बोलपटासाठीं झडप उघडी असतांना बाहुला यंत्रानें हलविण्याची सोय केली, तेव्हां तो झटका बराच नाहींसा झाला.

या दोन्ही अडचणी रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनीं १९८४ सालीं एकाच कल्पनेनें सोडविल्या, आणि आमच्या मतें या सर्व हकीकतींतील सुंदर भाग हाच. प्रत्येक बिंदूसाठीं एकच किरण न सोडतां पुष्कळ सोडावे. कांहीं भिंगाच्या या कडेनें, कांहीं त्या कडेनें, कांहीं झडप उघडतांना, कांहीं मिटतांना. आणि सर्वांची सरासरी घ्यावी. खांबामागचा झांकलेला भाग आणि चेंडूची फरांट हीं दोन्ही मग आपोआप येतात. त्यांनीं नमुन्यादाखल बिलियर्डच्या मेजावरील धांवत्या चेंडूंचें चित्र दिलें. तें आजहि छायाचित्र म्हणून खपेल. खर्च मात्र भारी. १९२० बिंदु रुंद व १०८० बिंदु उंच अशा चित्रांत २०,७३,६०० बिंदु होतात. प्रत्येकास शंभर किरण दिले तरी वीस कोटींवर किरण झाले, आणि हें एका सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शासाठीं!

पुढें या शास्त्रज्ञांनीं कॅमेऱ्याची पाठ सोडलीच नाहीं. १९९५ सालीं क्रेग कोल्ब, डॉन मिचेल व पॅट हॅनरहान यांनीं प्रत्यक्ष भिंगांतील प्रत्येक कांचेच्या वळणाचीं मापें घेऊन किरण तींतून वांकविले. त्यामुळें कोंपऱ्यांतला अंधार आणि कडेला वांकणाऱ्या सरळ रेषाहि आल्या. २००२ सालीं चार संशोधकांनीं, अन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १९४० च्या सुमारास घालून दिलेल्या छायाप्रकाशाच्या पायऱ्या संगणकाच्या चित्रांस लावल्या. २००८ सालच्या ‘वॉल-ई’ या चित्रपटासाठीं तर रॉजर डीकिन्स या ख्यातनाम छायालेखकाचा सल्ला घेतला गेला. भिंगें घासणारांच्या कित्येक पिढ्यांनीं जे दोष काढून टाकण्यांत जन्म घालविला, ते परत आणण्यास आतां गणिती बसले आहेत, हें पाहून हंसूं येतें.

पण हंसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाहीं. आपला डोळा जिकडे वळतो तिकडचें त्याला स्पष्टच दिसतें. मागची टेकडी पुसट आहे असें प्रत्यक्षांत आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणजे हीं चित्रें डोळ्याशीं इमान राखीत नाहींत, छायाचित्राशीं राखतात. छायाचित्रें पाहत वाढलेल्या आपणांस तेंच खरें वाटतें. आणि ज्या दोषांवरून आपण छायाचित्राचा खरेपणा ओळखीत होतों, ते दोषच गणितानें करतां येऊं लागल्यावर ती साक्ष कोणत्या कामाची?

याचा प्रत्यय घरोघरीं आहे. फोनमधलें भिंग इतकें इवलें असतें कीं, त्यांत पुढचें-मागचें बहुतेक सर्व स्पष्टच उमटतें. म्हणून ‘पोर्ट्रेट’ काढतांना फोन माणसाचें व पार्श्वभूमीचें अंतर अजमावतो आणि मागचें गणितानें पुसट करतो. १९८१ सालची विद्या ती हीच. लग्नाकरितां पाठविलेल्या मुलीच्या चित्रांत कानाजवळच्या मोकळ्या बटा किंवा चष्म्याची कड पार्श्वभूमींत विरघळलेली दिसली, अथवा कंबरेवर ठेवलेल्या हाताच्या कमानींतून मागची भिंत मात्र लख्ख दिसली, तर तें या गणिताचें काम समजावें. कित्येक फोनांत तर हा पुसटपणा आठ दिवसांनीं घरीं बसूनहि कमीअधिक करतां येतो. छिद्राचा आंकडा बोटानें सरकवीत जावें, आणि मागची बाग हवी तेवढी दूर न्यावी.