जहाजासोबत राहणारे अधिकारी

तह झाला, लढाई थांबली की ब्रिटिश नौदल आपली बहुतेक जहाजं बंदरात नांगरून ठेवत असे. कप्तान आणि लेफ्टनंट अर्ध्या पगारावर घरी जात, खलाशांचा हिशेब चुकता होई, तोफा आणि शिडं उतरत. मागे राहत दोर-डोलकाठ्या सांभाळणारा बोसन, तोफा सांभाळणारा गनर आणि सुतार. पुष्कळदा बायकामुलांसह ते त्या ओक्याबोक्या जहाजावरच संसार थाटत, पाणी उपसत, लाकूड कुजू नये म्हणून झटत. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली आणि १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचली. तिथे ती पाव शतक अशीच छपराखाली बांधून होती. आज ती हार्टलपूलला तरंगते आहे.

लेफ्टनंट आणि कप्तान यांना कमिशन मिळे ते अ‍ॅडमिरल्टीकडून. मागे राहणाऱ्यांपैकी बोसन आणि सुतार यांना वॉरंट, म्हणजे नेमणुकीचा हुकूम, मिळे तो १५४६ साली स्थापन झालेल्या नेव्ही बोर्डाकडून. गनरचं वॉरंट तर तोफखान्याचं वेगळंच खातं देई. दोर, डोलकाठी, दारूगोळा, लाकूड यांतलं ज्याला कळतं त्याचा तो अधिकार. घराणं आणि ओळखीपाळखी यांवर चालणाऱ्या त्या नौदलात हातातल्या कसबाला मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

त्याचं बळ किती होतं, ते ‘बाउंटी’ या जहाजावर दिसलं. कप्तान विल्यम ब्लाय आणि जहाजाचा सुतार विल्यम पर्सेल यांचं प्रवासभर वाजत होतं. ताहितीत तिथल्या एका सरदाराला कुऱ्हाडींना धार लावायला दगड हवा होता. ब्लायने पर्सेलला तो घडवायला सांगितलं. छिन्नी खराब होईल, म्हणून पर्सेलने सरळ नकार दिला. साध्या खलाशाने असं केलं असतं तर त्याच्या पाठीवर फटके बसले असते. पण वॉरंट असलेल्या माणसाला कप्तान फटके मारू शकत नव्हता. त्याला शिक्षा द्यायची ती कोर्ट मार्शलने, आणि ते भरवायला लागणारे कप्तान त्या बाजूच्या समुद्रात आणायचे कुठून?

२८ एप्रिल १७८९ रोजी बंड झालं. ब्लायसह १९ जणांना एका उघड्या होडीत उतरवण्यात आलं. त्यांत पर्सेलही होता. त्याची हत्यारांची पेटी जाऊ द्यायची की नाही, यावर बंडखोरांत वाद झाला. ही पेटी मिळाली तर ब्लाय महिन्याभरात नवं जहाज बांधेल, अशी धास्ती काहींनी बोलून दाखवली. अखेर पेटी होडीत गेली. सुमारे ६,७०० किलोमीटर वल्हवत आणि शीड लावत होडी तिमोरला पोचली. वाटेतही दोघांचं भांडण थांबलं नाही. एका बेटावर ब्लायने त्याच्यावर तलवार उगारली. इंग्लंडला परतल्यावर पर्सेलवर कोर्ट मार्शल झालंच, पण ताकीद देण्यापलीकडे काही झालं नाही.

जहाज हाकण्याची विद्या ‘मास्टर’कडे असे, आणि तोही वॉरंटवाला. जेम्स कुक १७५७ साली मास्टर झाला, १७५९ च्या क्वेबेकच्या मोहिमेत सेंट लॉरेन्स नदीचे नकाशे काढण्यात त्याचा मोठा वाटा होता. लेफ्टनंटचं कमिशन मात्र त्याला मिळालं १७६८ साली, ‘एन्डेव्हर’ घेऊन दक्षिण समुद्रात निघताना. शेतमजुराच्या या मुलाला एवढं थांबावं लागलं, हे मला आजही खटकतं.

१८४३ साली मास्टर, सर्जन आणि रसद-हिशेब पाहणारा पर्सर यांना कमिशन मिळालं. बोसन, गनर आणि सुतार मात्र खालीच राहिले. त्यांची मेस वेगळी, बढतीची वाट अरुंद. वाफेची यंत्रं आली, तोफा बदलल्या, टॉर्पेडो आले. ती सगळी सांभाळायला नवे वॉरंटवाले तयार झाले, तरी वॉर्डरूमचं, म्हणजे कमिशनवाल्यांच्या मेसचं, दार बहुतेकांना बंदच राहिलं. ते उघडलं १९४९ मध्ये, पण त्याच फेरबदलात वॉरंट ऑफिसर हा दर्जाच मोडीत निघाला. अनुभवी खलाशांसाठी वरची जागा हवीच होती, म्हणून १९७० च्या दशकात ‘फ्लीट चीफ पेटी ऑफिसर’ हा हुद्दा निघाला, आणि १९८५ मध्ये त्याला जुनं नाव परत मिळालं.

भारतीय नौदलात आज हे नाव नाही. वायुदलात वॉरंट ऑफिसर आहेत, नौदलात त्या जागी मास्टर चीफ पेटी ऑफिसर, दुसरा आणि पहिला वर्ग. पहिल्या वर्गाचा मास्टर चीफ हा लष्करातल्या सुभेदार मेजरच्या बरोबरीचा. नव्या सब-लेफ्टनंटला तो कडक सलाम करतो, आणि दोर कसा ओढायचा, माणसं कशी हाताळायची, हे त्यालाच शिकवतो.