बोर्ड ओरडला तर जिवंत

बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं झालं की काका आधी त्याच्या पाठीमागे, जिथे वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा पंखा असतो तिथे, नाक नेतात. स्क्रू नंतर. वायर लावणं त्याच्याही नंतर. "वास आला तर पॉवर द्यायचीच नाही," ते म्हणतात. जळक्या वार्निशचा उग्र वास म्हणजे आतली कॉइल नाहीतर ट्रान्सफॉर्मर गेला. कपॅसिटर फुगून फुटला आणि त्यातलं द्रव बाहेर आलं, तर सुकटीचा डबा उघडल्यासारखा वास येतो. कसलाच वास नसला की काकांचा चेहरा खुलतो. मग बहुतेक वेळा आत काही जळलेलं नसतं, काहीतरी सुटलेलं असतं.

चेंबूर स्टेशनकडून बाजारात शिरणाऱ्या एका गल्लीत काकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. ओळखीच्या एका दवाखान्याचं मशीन दुसरीकडे कुणीतरी 'बोर्ड गेला' म्हणून निकालात काढलं होतं. भंगारवाला यायच्या आत कंपाउंडरने ते इथे आणलं आणि काकांनी पांढऱ्या खोडरबरने ते सुरू केलं, असं कानावर आलं. वहीवरचं पुसायचं ते खोडरबर. मला ते पटेना, म्हणून मी बघायला गेले आणि मग जातच राहिले.

"दहातली सहा," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "फॅन फिरतो, लाइट लागते, डिस्प्ले येत नाही, अशी दहा मशीन आली तर सहा रॅमच्या कॉन्टॅक्टची असतात." हा आकडा त्यांनी कुठल्या वहीत मांडलेला नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीशी रचलेल्या कॅबिनेटांकडे बोट केलं. पण त्या दुपारी आलेल्या प्रत्येक माणसाला, ओझं खाली ठेवायच्या आतच, ते हाच आकडा सांगत होते. दहातली सहा. घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्यायची ती त्यांची रीत आहे, हे मला हळूहळू कळलं.

रॅमच्या पट्टीच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांच्यावर खरोखरच सोनं असतं, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. त्याच्याखाली निकेल, त्याच्याखाली तांबं. सोन्याला काही होत नाही. पण इतक्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यांतून दमट हवा आत जाते आणि खालच्या धातूचे क्षार वर येतात. हा पडदा बोटाला जाणवतही नाही, पण रॅमला बोर्डापासून तोडायला तेवढा पुरतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे होणारच. चेंबूरमध्ये त्यात हवेची भर पडते. इथल्या घरांत निरांजन आणि पैंजण किती लवकर काळे पडतात हे इथल्या बायकांना विचारावं. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळी पडते आणि तांबंही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चेंबूरचा निर्देशांक ६९.१९ आला होता. ७०च्या वर गेलं की 'अतिगंभीर' प्रदूषित ठरवायचं, अशी ती पट्टी होती. मोठ्या सर्व्हर रूममध्ये हवा तपासायला तांब्याची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात. महिन्यात ३०० अँगस्ट्रॉमहून कमी गंज चढला तरच ती हवा यंत्रांना सौम्य मानतात. काकांच्या गिऱ्हाइकांची मशीन खिडकीखाली असतात, देवघराशेजारी असतात, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून असतात. तिथे पट्टी कोण टांगणार?

एका दुपारी घाटला गावातून एक ताई रिक्षाने आल्या. मांडीवर कॅबिनेट, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला डोंगल. त्या घरातून डीटीपीचं काम करतात, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणजे लग्नसराईचं काम सुरू झालेलं. "दादा, दोन पत्रिका उद्या छापायला द्यायच्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

नवं मशीन घ्या, असं त्यांना सांगणारे घरात आणि बाहेर पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे आणि युनिकोडच्या आधीच्या काळातलं मराठी फॉन्टचं पॅकेज आहे. त्या पॅकेजचा डोंगल प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लावावा लागतो आणि तो लावल्याशिवाय फॉन्ट उघडत नाहीत. आज दुकानात मिळणाऱ्या मशीनला बहुधा तो पोर्टच नसतो. आणि ते फॉन्ट नसले तर वर्षानुवर्षं केलेल्या साऱ्या पत्रिका पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा होतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. ताईंचं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही, त्यामुळे त्यांचं काम तरीही चाललं. मराठी छपाईचा केवढा तरी भाग अशा खोल्यांमधून, अशा मशीनवर झालेला आहे. ती बंद पडतात तेव्हा एका यंत्राबरोबर एका बाईची सगळी कमाई आणि वस्तीतल्या लग्नांचे मजकूर अडकतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि 'जुनं झालं, टाका' हे वाक्य ज्या सहजतेने बोललं जातं त्याचा राग येतो.

काकांनी वास घेतला. काही नाही. मग प्रश्न. शेवटचं कधी चालू होतं? मध्ये लाइट गेली होती का? मशीन हलवलं होतं का? दिवाळीची साफसफाई, ताई म्हणाल्या, टेबल सरकवलं होतं. काकांनी मान हलवली. वायर काढली, बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तुकड्याने जोडून मल्टिमीटर लावला. १२, ५, ३.३ व्होल्ट तिन्ही बरोबर. इथपर्यंतचं काम हाताखालचा पोरगाही झोपेत करील.

पुढचं मात्र बघण्यासारखं होतं. हार्ड डिस्क काढली, सीडीचा ड्राइव्ह काढला, शेवटी रॅमच्या दोन्ही पट्ट्याही काढल्या. रॅम नसेल तर कॉम्प्युटर सुरू होणारच नाही हे माहीत असताना ते बटण दाबायची तयारी करत होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक छोटा काळा बझर काढला आणि बोर्डाच्या पिनांवर बसवला. हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटांत बझर येतच नाही, त्यामुळे मशीन काय म्हणतंय ते कुणाला ऐकूच येत नाही.

"रॅम नसताना बोर्ड ओरडला तर जिवंत," काका म्हणाले. "मुका राहिला तर काळजी."

याच्यामागचं कारण साधं आहे. बटण दाबल्यावर एसएमपीएस आपले व्होल्ट स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत बोर्डाला 'पॉवर गुड'चा सिग्नल देतो. मग प्रोसेसर जागा होतो, बोर्डावरच्या चिपमधली बायोस वाचतो आणि एकेक भाग आहे का ते तपासू लागतो. रॅम सापडली नाही तर पडद्यावर काही दाखवायचीही त्याला सोय नसते, म्हणून तो बझरवर लांब बीप देत राहतो. ती बीप आली याचा अर्थ प्रोसेसर, बायोस आणि बोर्ड एवढे तिघं तरी ठीक आहेत. सगळं काढून टाकायचं आणि उरलेलं बोलतं का ते ऐकायचं, ही युक्ती मला अजून मोठी वाटते.

बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज नाही.

पोरगा हळूच म्हणाला, "काका, बोर्ड गेला वाटतं." ताईंनी पर्स घट्ट धरली. काका काही बोलले नाहीत. याच क्षणासाठी मी पुन्हा पुन्हा त्या दुकानात गेले असं म्हटलं तरी चालेल. 'बोर्ड गेला' हे वाक्य इथे संपूर्ण सोयीचं असतं. ते म्हणणाऱ्याला पुढे काही शोधावं लागत नाही, ऐकणाऱ्याला खोटं पाडता येत नाही आणि नव्या बोर्डाचं बिल लावता येतं. काका ते वाक्य उच्चारायच्या आधी जे जे करतात ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

त्यांनी सेल काढला. सीआर २०३२चा गोल सेल, असायला हवेत ३ व्होल्ट, मीटरवर दोनच्या आसपास. नवा घातला, जंपर फिरवून बायोस साफ केली. आवाज नाही. पुढच्या यूएसबीच्या वायरी काढल्या, कारण तिथली वाकलेली पिन सगळा बोर्ड धरून ठेवू शकते. आवाज नाही. मग स्क्रू काढून अख्खा बोर्ड कॅबिनेटबाहेर घेतला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. पत्र्याला कुठे टेकत असला तर ते कळावं म्हणून. आवाज नाही. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, स्टेशनवरची लोकलची घोषणा ऐकू आली, पोरग्याने चहा आणला. काका बोर्डाकडेच बघत होते.

मग त्यांनी प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनी कनेक्टर ओढून काढला. प्रोसेसरला १२ व्होल्ट याच वाटेने मिळतात. तो सैल असला तरी पंखा फिरतो, लाइट लागते, बाकी काही होत नाही. एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं आणि आतला धातू काळपट. टेबल सरकवताना कॅबिनेट हललं असणार, आणि आधीच गंजलेली पिन सुटली. त्यांनी पिन साफ केली, मग दुसऱ्या एसएमपीएसचा कनेक्टर खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवला आणि बटण दाबलं.

बोर्ड ओरडला. लांब, एकसारखी, कर्कश बीप. ताई दचकून उठल्या आणि काका हसले. "बोलला!"

आता रॅम. आणि आता खोडरबर. याबद्दल दुकानातच मतभेद आहेत. पोरग्याचं म्हणणं, रबराने सोन्याचा थर झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावं. त्याचं बरोबर आहे; जोराने, पुन्हा पुन्हा घासलं तर झिजतोच. काकांचं म्हणणं, चिकटलेला पडदा नुसत्या अल्कोहोलने निघत नाही. ते मऊ पांढरंच रबर घेतात, एकाच दिशेने, आतून बाहेर, हलक्या हाताने फिरवतात आणि रबराचा कण स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून पट्टी बोर्डापासून दूर धरतात. मग अल्कोहोल, मग ब्रश. रबराच्या कडेवर करडी रेघ उमटली. ती त्यांनी ताईंना दाखवली.

एक पट्टी लावली, डिस्प्ले आला. दुसरी लावली, तरीही आला. सेल बदलल्यामुळे बायोसची तक्रार आली, एफ१ दाबायला सांगणारी, तारीखही भलतीच. सगळं जोडल्यावर एक्सपी सुरू झालं आणि डोंगल दिसेना. ताईंचा चेहरा पुन्हा पडला. काका बायोसमध्ये गेले आणि पॅरलल पोर्टचा मोड बदलला, सेल काढल्याने तो मूळच्या सेटिंगवर गेला होता. पेजमेकर उघडलं. वर 'श्री गणेश प्रसन्न', खाली 'चि. सौ. कां.' आणि मुलीचं नाव, सगळे काना-मात्रा जागच्या जागी.

सेल, जुना पण चांगला एसएमपीएस आणि मजुरी मिळून काकांनी जे घेतलं ते नव्या बोर्डाच्या किमतीच्या जवळही जात नव्हतं. ताईंनी कुरकुर केली नाही. पण एरवी मी ऐकलंय, "रबर फिरवायचे तीनशे रुपये?" सुटा भाग बदलला तर लोक न बोलता पैसे देतात, कारण भाग हातात धरता येतो. कुठे बिघडलंय ते शोधायला गेलेल्या दोन तासांना बिलात ओळ नसते. त्यामुळे शोधणाऱ्यापेक्षा बदलणाऱ्याचा धंदा जास्त चालतो आणि चांगले बोर्ड भंगारात जातात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बोर्डात लागते, तेव्हापासून चालती मशीनसुद्धा 'काय द्याल याचे?' म्हणत दुकानात येऊ लागलीत. काका त्यातली जमतील तेवढी मुलांच्या अभ्यासाला लिनक्स घालून देतात.

त्यांची बाजू मी घेते, पण दहातल्या उरलेल्या चारांबद्दलही सांगायला हवं. त्याच आठवड्यात एका कोचिंग क्लासचं मशीन आलं. काकांनी नाक लावलं आणि लगेच मागे सरले. प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. २०००च्या दशकात सदोष द्रव भरलेले असे कपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर बसले आणि ठरल्या आयुष्याच्या आधीच फुटले. काकांनी चारही बदलले. तरी बोर्ड मुकाच राहिला. मालकाला त्यांनी फोनवर सांगितलं, "साहेब, हा खरंच गेला. घेऊन जा, चेकिंगचे पैसे नकोत." पोरग्याला ते आवडलं नाही, कपॅसिटरचे तरी घ्यायचे होते, तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. तेवढा वेळ त्यांनी दिला होताच.

त्या दुपारी ताई निघाल्या तेव्हा काकांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, हार्ड डिस्कची अख्खी कॉपी दुसऱ्या डिस्कवर या आठवड्यात करून घ्यायची, लग्नसराई संपायची वाट बघायची नाही. आणि लॅमिंग्टन रोडला असाच जुना बोर्ड मिळाला तर ते आणून ठेवतील. दुसरी, पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवायचं, आतून गरम राहिलं की ओल धरत नाही. ताईंनी विचारलं, लाइट बिल वाढेल ना? काकांनी टेबलावरचाच कागद ओढला आणि शंभर वॉटच्या हिशेबाने महिन्याचे युनिट मांडायला घेतले.