जुन्या कॅसेटी आणि नवा संच

अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ जुन्या घरांत कपाटाच्या वरच्या खणांत किंवा माळ्यावरील पेटींत पांच-सात काळ्या कॅसेटी सांपडतात. १९८२ सालीं दूरदर्शन रंगीत झालें, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत लग्नामुंजीचें चित्रण करविण्याची चाल वऱ्हाडांतही रुळली. त्या लग्नांत मंगलाष्टकें म्हणणारे आजोबा आज नाहींत. पंगतींत आग्रह करणाऱ्या काकूंचा आवाज आतां त्या फितींतच काय तो उरला आहे. ही ठेव नव्या टी. व्ही.वर पाहूं जातां आजोबा ठेंगणे व रुंद दिसतात, शालू करडा पडतो आणि मंगलाष्टकांवर घरघर चढते. दोष प्रत्येक वेळीं फितीचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो जोडणीचा असतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम रंग. व्ही. सी. आर.ची पिवळी तार चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. कांहीं नव्या संचांत पिवळ्या तारेचें भोक दुसऱ्या एका जोडणीसही वापरलें जातें. अशा वेळीं यादींतून ‘ए. व्ही.’ न निवडल्यास चित्र काळें-पांढरें दिसतें. परदेशांतून आलेल्या कॅसेटींची गोष्ट निराळी. आपल्याकडील ‘पाल’ पद्धतींत चित्राच्या ६२५ रेषा, तर अमेरिकेंतील ‘एन. टी. एस. सी.’ पद्धतींत ५२५. तिकडील चिरंजीवांनीं पूर्वीं धाडलेली कॅसेट लावण्यास दोन्ही पद्धती जाणणारें यंत्र लागतें.

दुसरें, आकार. जुनें चित्र चारास तीन या प्रमाणाचें, नवा पडदा सोळास नऊचा. संच तें ताणून बसवितो आणि माणसें फुगतात. ‘४:३’ हा आकार निवडावा. दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतील, ते राहूं द्यावे. ‘शार्पनेस’ वाढविल्यानें फितींत नसलेला तपशील येत नाहीं, दाणे मात्र उठून दिसतात. तो कमीच ठेवावा. चित्राच्या तळाशीं थरथरणारी बारीक पट्टी दिसल्यास घाबरूं नये. ती पूर्वींही होतीच. जुन्या संचाच्या चौकटीआड ती झांकली जात असे.

तिसरें, आवाज. पुष्कळ जुन्या यंत्रांस आवाजाचें एकच भोक असतें. तेथून निघालेली तार संचाच्या पांढऱ्या भोकांत घातली, तर एकाच बाजूनें आवाज येण्याचा संभव असतो. एकाच्या दोन करणारा स्वस्त जोड लावावा. घरघर होत असल्यास केबलची तार संचांतून काढून पाहावी. कित्येकदां तेवढ्यानेंच ती थांबते. ‘सराउंड’ बंद ठेवावा, म्हणजे माणसाचें बोलणें स्वच्छ ऐकूं येतें.

चित्रावर पांढऱ्या रेघा धांवत असल्यास उपाय संचांत नाहीं, तो यंत्राच्या ‘ट्रॅकिंग’मध्यें आहे.

परंतु आमचें मुख्य सांगणें पुढेंच आहे. ही सारी जुळवाजुळव घरच्या कॅसेटीवर करूं नये. प्रत्येक खेपेस फीत फिरत्या डोक्यावर घांसली जाते; म्हणून बाजारांतील एखाद्या जुन्या सिनेमाची कॅसेट लावून सर्व ठाकठीक करावें, मग घरची लावावी. खिडकींतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती मुळींच लावूं नये, जाणकाराकडे द्यावी. पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारा आमचा उन्हाळा आणि मागून येणारा दमट पावसाळा या फितींस मानवत नाहीं. पत्र्याखालचा माळा तर नाहींच नाहीं.

व्ही. सी. आर. तयार करणारा शेवटचा मोठा कारखानदार, जपानांतील फुनाई, यानेंही २०१६ सालीं काम थांबविलें. तेव्हां चालू यंत्र हातीं आहे तोंवरच नक्कल करून घ्यावी. नक्कल यंत्रांतून थेट घेतली जाते, टी. व्ही.वर केलेले फेरफार तींत उतरत नाहींत, ट्रॅकिंगचा गुणदोष मात्र उतरतो, हें ध्यानांत असावें.

आणि ती कॅसेट लावाल त्या दिवशीं घरांतील वडील मंडळींस जवळ बसवावें व मांडवांत कोण कोण दिसतें तें लिहून घ्यावें. नक्कल पुढेंही टिकेल. परंतु त्या चेहऱ्यांचीं नांवें सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.