ट्रेसरची रेघ: डोळ्याची की कॅमेऱ्याची?

अंधेरी-पार्ल्याच्या डोक्यावरून विमाने ज्या सांताक्रूझ विमानतळावर उतरतात, तो दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. आज त्याच उपनगरांतली पोरं संगणकावर त्या काळातली हरिकेन लढाऊ विमाने उडवतात. कळ दाबली की पंखांतून लालभडक, सळसळीत रेघा सुटतात. दिसायला झकास! पण खऱ्या वैमानिकाला हेच दिसत होते का?

या रेघा ओढणाऱ्या ट्रेसर गोळीच्या बुडाशी छोटी पोकळी असते. तिच्यात मॅग्नेशियमची पूड आणि स्ट्रॉन्शियमचा क्षार ठासून भरतात. काडतुसातली दारू पेटली की तिच्या ज्वाळेने हे मिश्रणही पेटते. उजेड मॅग्नेशियमचा, लाली स्ट्रॉन्शियमची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत इन्सास रायफलीसाठी अशा ५.५६ मिमी गोळ्या आजही बनतात.

गोम अशी, की जळता जळता ट्रेसरचे वजन घटते आणि बुडातून निघणाऱ्या वायूमुळे हवेचा विरोधही बदलतो. साहजिकच तिचा मार्ग शेजारच्या साध्या गोळीपेक्षा थोडा वेगळा पडतो. त्यात अंतराचा अंदाज येत नाही. सव्वादोनशे मीटर कापायला गोळीला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ४०० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे विमान ३७ मीटर पुढे सरकलेले असते. ठिणगी शत्रूला चाटून गेल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती बरीच मागे पडलेली असते. म्हणूनच १९४० साली ब्रिटिश वैमानिकांना ‘डी वाइल्ड’ ही आगलावी गोळी जास्त आवडली. ती वाटेत काही दाखवत नसे, लागली की चमकत असे. काही जण गोळ्यांच्या माळेच्या शेवटी मुद्दाम ट्रेसर भरत, गोळ्या संपत आल्याची खूण म्हणून. ती खूण शत्रूलाही कळायची, हे वेगळे सांगायला नको.

मग पडद्यावरच्या त्या रेघा आल्या कुठून? बऱ्याच अंशी गन कॅमेऱ्याच्या, म्हणजे बंदुकांबरोबर चालणाऱ्या विमानातल्या कॅमेऱ्याच्या, फिल्ममधून. एका चित्रासाठी झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती उघडी राहिली, तरी तेवढ्यात गोळी १५ मीटर धावते आणि फिल्मवर ठिपक्याऐवजी लांब पट्टा उमटतो. बंदुकांच्या धक्क्याने कॅमेरा थरथरतो, म्हणून पट्टा नागमोडी होतो. गोळी काही नागमोडी जात नसते! सिम्युलेटरमध्ये ही वळणे हुबेहूब उतरवली, तर ती नक्कल वैमानिकाच्या नजरेची नव्हे, कॅमेऱ्याची ठरते. त्यामुळे भर उन्हात, डोळ्याला दिसतो तसा, ट्रेसर फिका दाखवणारा खेळ कंटाळवाणा वाटला, तरी अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

२०११ च्या ‘आयएल-टू स्टर्मोविक: क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या खेळात माळेत कोणत्या गोळ्या भरायच्या हे खेळाडूला ठरवता येते. बोरिवली-मुलुंडच्या हौशी वैमानिकांनी त्यातले सगळे ट्रेसर काढून, नुसत्या डी वाइल्डवर एकदा लढून पाहावे.